मुलांना ध्रुवावरचा बर्फ दिसतो, निफाडची बाग का दिसत नाही?

सर, तुमचा प्रश्न असा आहे: अकरावी-बारावीची मुलं सतत मोबाईलवर असतात, हवामानबदलावरच्या रील्स, बातम्या, लघुपट त्यांच्यासमोर रोज येतात, त्यातून खरंच जाण तयार होते का, की नुसती भीती? आणि नाशिकच्या वर्गात शिक्षकानं काय दाखवावं, काय टाळावं?

आधी थोडक्यात सांगते. जाण तयार होते, पण अर्धी. काहीतरी भयंकर चाललंय हे आपल्या मुलांना पक्कं कळलंय. ते कशामुळे चाललंय हे धूसर आहे. आणि ते इथे, निफाडच्या बागेत, सिन्नरच्या माळावर, गोदाघाटावर चाललंय, हे त्यांना फारसं कुणी सांगितलेलंच नाही. माध्यमांनी हवामानबदलाला मुलांच्या मनात एक पत्ता दिलाय आणि तो पत्ता आपल्या जिल्ह्याबाहेरचा आहे. माझ्या मते सगळी अडचण इथून सुरू होते. मी आधी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर काम केलं आणि नंतर माध्यम शिकवायला लागले, त्यामुळे बातमी कशी घडते आणि मूल तिच्यातून काय घेऊन जातं, या दोन्ही बाजू मला दिसत आल्या आहेत.

नव्या वर्गात गेले की मी मुलांना सांगते, हवामानबदल म्हटल्यावर जे पहिलं चित्र डोळ्यांपुढे येतं ते काढा. कागदांवर पांढरं अस्वल येतं, कोसळणारा हिमनग येतो, जंगलातली आग, तडे गेलेली जमीन. काही मुलं समुद्रातलं प्लास्टिक काढतात, काही ओझोनच्या थराला पडलेलं भोक. गोदावरी क्वचित दिसते. द्राक्षबाग त्याहून क्वचित, आणि हे दिंडोरी-निफाडहून एसटीनं येणाऱ्या मुलांच्या वर्गातसुद्धा. ज्या मुलाच्या घरी गारपिटीनंतर वर्षभराच्या कर्जाचं गणित कोलमडलंय, तो मुलगा कागदावर अस्वल काढतो. मुलांचा यात काही दोष नाही. त्यांना जे दाखवलं गेलं तेच ती काढतात.

प्लास्टिक आणि ओझोन त्या कागदांवर येतात त्याचंही कारण आहे. ५ जूनच्या, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनाच्या पोस्टरवर, पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावर, रीलच्या पार्श्वभूमीला या सगळ्या गोष्टी एकाच चित्रात कोंबलेल्या असतात: रडणारी पृथ्वी, बाटल्यांचा ढीग, धूर, तोडलेलं झाड. मूल त्यातून "आपण निसर्गाशी वाईट वागतोय" एवढंच उचलतं. मग उपाय काय, असं विचारलं की उत्तर येतं, कापडी पिशवी. पिशवी जरूर वापरावी, पण तापमानवाढीचं मूळ कोळसा, पेट्रोल, डिझेल, वायू जाळण्यात आहे, हे त्या उत्तरात कुठेच नसतं. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० भाग होते. हवाईतल्या मौना लोआ या डोंगरावर १९५८ पासून सलग मोजणी सुरू आहे आणि आता तो आकडा ४२० च्या पुढे गेलाय. ही साखळी मुलांना पाच मिनिटांत समजते, फक्त ती कुणीतरी सरळ सांगावी लागते.

आणि सांगायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र, २१० मेगावॉटचे तीन संच, नाशिकरोडच्या मुलांच्या रोजच्या नजरेतलं आहे. कोळशाच्या वाघिणी ती बघतात, राख बघतात. पण हवामानबदलावरच्या ज्या रील्स ती पाहतात त्यांत ती धुराडी कधीच नसतात, म्हणून दोन्हींचा संबंध जुळत नाही. इथे एक काळजी मात्र घ्या. तुमच्या वर्गात त्या केंद्राच्या पगारावर घर चालणारी मुलं असतील. आरोपीच्या पिंजऱ्यात कुणालाही उभं करायचं नाही. याच विजेवर आपला पंखा फिरतो, याच विजेवर शेताचा पंप चालतो, तिची किंमत हवेत कशी जमा होते आणि तिच्या जागी दुसरं काय येऊ शकतं, असा तो विषय मांडावा. माझा अनुभव आहे की अशा वेळी सगळ्यात चांगले प्रश्न त्याच घरांतली मुलं विचारतात.

ही अर्धवट माहिती फक्त मुलांची नाही. येल विद्यापीठाच्या २०२२ च्या भारतीय पाहणीत निम्म्याहून अधिक, ५४ टक्के लोकांनी सांगितलं की जागतिक तापमानवाढीबद्दल आपल्याला फार थोडं माहीत आहे किंवा आपण कधी ऐकलेलंच नाही. पण तिचा अर्थ दोन ओळींत सांगितल्यावर ८४ टक्के लोक म्हणाले, हो, हे घडतंय. अनुभव लोकांकडे होताच, त्याला जोडणारी माहिती तेवढी पोचली नव्हती.

आता माझ्या जुन्या धंद्याबद्दल. २६ नोव्हेंबर २०२३ ला जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. त्या दिवसांत बागा कुठे फुलोऱ्यात असतात, कुठे मणी धरलेले असतात, बागलाणकडच्या लवकर छाटलेल्या (अर्ली) बागा काढणीला आलेल्या असतात. निफाड तालुक्याला जबर तडाखा बसला. अशा वेळी जिल्हा पानावर काय येतं ते आठवून बघा: किती हेक्टर, किती गावं, पंचनामे कधी, मदतीची मागणी कुणी केली, पालकमंत्री बांधावर कधी गेले. हे सगळं हवंच. शेतकऱ्याला त्या घडीला पंचनाम्याचीच बातमी लागते. पण त्याच दिवशी आतल्या देश-विदेशच्या पानावर दुबईच्या हवामान परिषदेची तयारी छापून येत होती, आणि दोन पानांमध्ये एक ओळही सामायिक नव्हती. मुलं हेच शिकतात: हवामानबदल म्हणजे परिषद आणि गारपीट म्हणजे अस्मानी संकट.

यामागे कुणाचा कट नसतो. वार्ताहर संध्याकाळपर्यंत नुकसानीचा आकडा आणि फोटो पाठवतो, डेस्कला पान सोडायचं असतं, हवामानशास्त्रज्ञाचं म्हणणं मिळायला दोन दिवस लागतात आणि तोवर ती बातमी शिळी झालेली असते. पण परिणाम खोल होतो. मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या माध्यम अभ्यासकांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत मतदारांचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातून निघालेली गोष्ट आजही माध्यमांच्या वर्गात पहिल्यांदा शिकवली जाते: लोकांना कोणता विषय महत्त्वाचा वाटतो, हे माध्यमं कशाला किती जागा देतात त्यावर ठरत जातं. हवामानबदलाबाबत मी त्यात एवढंच जोडीन, की तो विषय कोणत्या पानावर छापता, यावरून तो कुणाचा आहे हेही वाचक ठरवतो.

मात्र याचा अर्थ प्रत्येक गारपिटीला "हवामानबदलामुळे" असं लेबल लावा, असा नाही. उलट रील्सची ही दुसरी मोठी चूक आहे आणि ती मला पहिलीइतकीच काळजीची वाटते. विज्ञान सगळ्या घटनांबद्दल सारख्या खात्रीनं बोलत नाही. उष्णतेच्या लाटांबद्दल खात्री सर्वांत जास्त. अतिवृष्टीबद्दल बरीच, कारण हवा एक अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते आणि ते सांडतं तेव्हा जोरात सांडतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. गारपिटीबद्दल मात्र आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळाच्या २०२१ च्या अहवालातही कल सांगण्याइतकी खात्री नाही. मुलांना हे तिन्ही थर सांगा. "इथे पक्कं माहीत आहे, इथे बऱ्यापैकी, इथे अजून नाही" असं ऐकल्यावर त्यांचा विज्ञानावरचा विश्वास कमी होईल अशी भीती काही शिक्षकांना वाटते. मी नेहमी उलटं होताना पाहिलंय. सगळंच ओरडून सांगणाऱ्यावर मुलं विश्वास ठेवत नाहीत.

नेमका दावा कसा असतो हे दाखवायला केरळमधल्या वायनाडचं उदाहरण घ्या. ३० जुलै २०२४ ला तिथे दरडी कोसळल्या. वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन या शास्त्रज्ञांच्या गटानं काढलेला निष्कर्ष असा होता की मानवनिर्मित तापमानवाढीमुळे तो पाऊस साधारण १० टक्के अधिक तीव्र झाला. दहा टक्के. त्या गटानं डोंगरउतारावरचं खाणकाम आणि जंगलतोडीचा प्रश्नही सोडला नाही. त्याच घटनेवरची "निसर्गाचा सूड" अशी एखादी रील शेजारी लावा आणि मुलांना फक्त विचारा, कुठल्या मजकुरातून तुम्हाला पुढं काही करता येईल?

"ढगफुटी" हा शब्दही असाच तपासून घ्यायला लावते. हवामान खात्याच्या लेखी साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर ती ढगफुटी. आपल्याकडे पावसाळ्यात सराफ बाजारात पाणी शिरलं की तासाभरात "नाशिकमध्ये ढगफुटी" असे व्हिडिओ फिरू लागतात, आणि त्यांत मागच्या वर्षांचे पूरही बेमालूम मिसळलेले असतात. शहरात पाणी तुंबतं त्यात पावसाच्या जोराइतकाच सरस्वती नाल्यासारख्या झाकून टाकलेल्या नाल्यांचा आणि घाटाच्या काँक्रीटचा वाटा असतो. सगळं हवामानबदलावर ढकललं की नाले कुणी बुजवले, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. मुलांना हा मुद्दा फार पटकन कळतो, मोठ्यांपेक्षा पटकन.

तुमच्या प्रश्नात नसलेलं एक माध्यम इथे आणते, कारण ग्रामीण मुलांवर त्याचा प्रभाव रील्सपेक्षा मोठा आहे: खासगी हवामान अंदाजांचे व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅप संदेश. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, गावाच्या नावासकट पाऊस सांगितलेला असतो. बाप त्यावर छाटणीची तारीख ठरवतो, फवारणी ठरवतो. अंदाज आपल्या भाषेत, आपल्या गावाचं नाव घेऊन येतो, म्हणून तो जवळचा वाटतो; सरकारी इशारा तसा येत नाही, ही उणीव मान्य करायलाच हवी. पण घरात रात्रंदिवस या आठवड्याच्या पावसाची चर्चा असते म्हणून मुलाला वाटतं की हवामान आपल्याला कळतं, आणि तीस वर्षांच्या सरासरीत काय सरकतंय ते बाजूला राहतं. दर हिवाळ्यात निफाडचा पारा घसरल्याची, दवबिंदू गोठल्याची बातमी येते आणि हमखास एक हात वर होतो: "मॅडम, मग तापमानवाढ कुठेय?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरची एका रात्रीची नोंद म्हणजे हवा, आणि भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ दरम्यान सुमारे ०.७ अंशानं वाढलं, हे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालातलं वाक्य म्हणजे हवामान. थंडीची रात्र येतच राहणार. पण अशा रात्री किती येतात आणि उकाड्याच्या रात्री किती, हे वर्षानुवर्षं मोजत गेलं की बदल दिसायला लागतो.

आता भीतीबद्दल. ती खरी आहे, तिला हलक्यात घेऊ नका. २०२१ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात भारतासह दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध झाली. ५९ टक्के जण हवामानबदलानं खूप किंवा कमालीचे चिंतेत होते, आणि ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं की या चिंतेचा आपल्या रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. आपल्या वर्गांत मला या भीतीची दोन रूपं दिसतात. शहरातल्या काही मुलांमध्ये ती "आता काही उरलंच नाही" अशा सुरात येते. रात्री उशिरापर्यंत तेच तेच पाहत बसायचं आणि सकाळी विषय निघाला की गप्प व्हायचं. शेतकरी घरातल्या मुलांमध्ये ती वेगळ्या नावानं येते: "मी शेती करणार नाही." तो निर्णय हवामानाचा आहे हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. बाजारभाव, कर्ज, मजूर यांच्या यादीत ते पाऊस शेवटी घालतात. रील ही दुसरी भीती पकडतच नाही, कारण तिच्यात आग नाही, लाट नाही, पार्श्वसंगीत घालण्यासारखं काही नाही.

भीतीच्या पुढे मुलं कधी जातात? २०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तरुण मुलं मोठ्या संख्येनं रस्त्यावर आली आणि त्यांना तिथवर आणण्यात इन्स्टाग्रामचा मोठा हात होता. त्या वेळचे व्हिडिओ काढून बघा. त्यांत ओळखीची जागा आहे, मोजता येणारी झाडं आहेत, हरकत नोंदवायची मुदत आहे आणि उत्तर देणारं कार्यालय आहे. हिमनगाच्या व्हिडिओत यातलं एकही नसतं. माझं मत स्पष्ट आहे: माध्यमातला मजकूर तरुणांना हलवतो तो त्यातल्या ठिकाण, तारीख आणि जबाबदार माणूस यांमुळे. भावना त्यामागून आपोआप येते. अर्थात झाड वाचवणं म्हणजे सगळा हवामानबदल नव्हे, आणि ती बातमी मागे पडल्यावर उन्हाळ्यात कोणत्या वस्तीत सावली नाही, हा प्रश्न फार थोड्यांनी पुढे नेला. तुमच्या विद्यार्थ्यांना तो नेता येईल.

म्हणजे वर्गात काय करावं? नवीन तास मागू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निकालानं पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, आणि आपल्याकडे अकरावी-बारावीला "पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा" हा विषय त्याच वाटेवर आहे. (त्याच निकालात चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड्स आणि आकाशवाणी-दूरदर्शनवर कार्यक्रम करायला सांगितलं होतं, माध्यमांची ताकद न्यायालयानं तेव्हाच ओळखली होती.) त्या विषयाचा प्रकल्प बहुतेक ठिकाणी एकमेकांचा उतरवला जातो. तोच प्रकल्प घ्या आणि मुलांना मजकूर पाहणारे न ठेवता मजकूर तयार करणारे करा. प्रत्येक गटानं आपल्या परिसरातली एकच गोष्ट निवडायची आणि तीन मिनिटांचा मराठी व्हिडिओ किंवा चारशे शब्दांची बातमी करायची.

अट फक्त एक: तीन आधार हवेत. एक जुना माणूस, एक आकडा, एक जाणकार. उदाहरण देते. गोदेच्या पुरावर काम करणारा गट पंचवटीतल्या आजोबांना भेटेल. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, अशी मापं त्यांच्या तोंडी असतात, आणि १९६९ चा महापूर पाहिलेले कुणी भेटले तर नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पाणी गेल्याची आठवण निघेल. तिथेच मुलांना पहिला धक्का बसतो: मोठे पूर पूर्वीही यायचे! मग ती आकड्यांकडे वळतात, गंगापूर धरणातून त्या दिवशी किती क्युसेक विसर्ग होता, पाऊस किती होता. मंडळवार पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो. शेवटी जाणकाराला नेमका प्रश्न विचारायचा: २००८, २०१६, २०१९ च्या पुरांत पावसाचा वाटा किती, धरणाच्या विसर्गाचा किती, बांधकामाचा किती? उत्तर "नक्की सांगता येत नाही" असं आलं तर तेही व्हिडिओत ठेवायचं.

द्राक्षाच्या गटासाठी आकडा बापाच्या वहीत असतो. ऑक्टोबर छाटणीची तारीख, फवारण्यांची संख्या, डावणी हा बुरशीचा रोग कोणत्या वर्षी जास्त आला. बऱ्याच घरांत ही वही खरंच असते आणि मुलानं ती कधी उघडलेली नसते. ती उघडली की बाप बोलायला लागतो. याचा परिणाम घरावर होतो याला अभ्यासाचाही आधार आहे: अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शाळेत हवामानबदल शिकलेल्या मुलांच्या पालकांचीही याबाबतची आस्था वाढली, वडिलांची विशेष वाढली, आणि मुलींचा प्रभाव जास्त पडला. निफाडच्या मुलींबद्दल मला याचं मुळीच आश्चर्य वाटत नाही.

तयार झालेलं काम वर्गात दाखवून कपाटात ठेवू नका. गावाच्या ग्रुपवर टाका, स्थानिक दैनिकाच्या पुरवणीकडे पाठवा, आकाशवाणी नाशिकला विचारा. जिल्हा पानाला असा मजकूर हवा असतो, फक्त तो लिहायला त्यांच्याकडे माणूस आणि वेळ नसतो. प्रसिद्ध करण्याआधी एका गटाचं काम दुसऱ्या गटानं तपासायचं: व्हिडिओ कधीचा, कुठला, "ढगफुटी" म्हटलंय तर मिलिमीटर किती, कारण सांगितलंय तर त्याची खात्री किती.

काय टाळावं, हेही तुम्ही विचारलंय. लागोपाठ विध्वंसाची दृश्यं दाखवणं टाळा. एक दाखवलंत तर त्याच तासात कारण आणि एखादं चालू असलेलं काम दाखवा. "तुमची पिढीच जग वाचवेल" असं मुलांना म्हणू नका, ते ओझं त्यांचं नाही. खासगी अंदाज सांगणाऱ्यांची वर्गात टिंगल करू नका, कारण ती मुलाच्या बापाची टिंगल होते; त्याऐवजी महिनाभर त्यांचा अंदाज, हवामान खात्याचा अंदाज आणि शाळेच्या पर्जन्यमापकातली नोंद असे तीन रकाने भिंतीवर लावा. पर्जन्यमापक नसेल तर जूनच्या आधी घ्या, स्वस्त मिळतो. आणि पुढच्या ५ जूनला पोस्टर स्पर्धा घ्यायचीच असेल, तर एवढा नियम करा की चित्रातली जागा नाशिक जिल्ह्यातली हवी आणि चित्र काढणाऱ्यानं ती स्वतः पाहिलेली हवी.